दिग्बोई : अरण्यातील तेलाचे गाव

आसाम म्हटले की चहा आणि दिग्बोई म्हटले की खनिज तेल, ही जोडी आपल्याकडील विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली. परीक्षेत त्या नावापुढे एक गुण मिळे आणि विषय तेथेच संपे. नकाशावर हे गाव शोधू गेल्यास बोट ईशान्येकडे सरकत अगदी टोकाशी जाते. ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेस, बुढी दिहिंग नदीच्या खोऱ्यात, पाटकाईच्या डोंगररांगा मैदानात उतरू लागतात तेथे ते वसले आहे. डोंगर ओलांडला की ब्रह्मदेश. आज हा भाग आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात मोडतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र येथे दाट वर्षावन, हत्तींच्या वाटा आणि डोंगरी लोकांची विरळ खेडी एवढेच होते.

गावाच्या नावाची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. रेल्वेसाठी लाकडे ओढणारे हत्ती जंगलातून परतले तेव्हा त्यांच्या पायांना काळे तेल माखलेले होते. तो माग धरून गोरा साहेब झऱ्यापाशी पोहोचला आणि मजुराला म्हणाला, ‘डिग, बॉय, डिग!’ म्हणजे ‘खण, पोरा, खण!’ आणि त्यावरून गावाचे नाव दिग्बोई झाले. कथा गोड आहे. परंतु त्या मुलखातील नद्यांची नावे पाहिली की मनात शंका येते. दिहिंग, दिबांग, दिसांग, दिखौ, दिब्रू : सर्वांचा आरंभ ‘दि’ने होतो, आणि बोडो कुळातील काही भाषांत ‘दि’ म्हणजे पाणी. तेव्हा दिग्बोई हेही साहेबाच्या हुकुमापूर्वीचे, एखाद्या ओढ्याचे नाव असणे अधिक संभवनीय वाटते. तरीही ती कथा टिकली, आणि तिच्यात एक नकळत सांगितलेले सत्य आहे. हुकूम देणारा तिच्यात आहे, हत्ती आहे, तेल आहे. ज्याने कुदळ चालवली तो मात्र केवळ ‘पोरगा’ आहे. त्याला नाव नाही.

या मुलखात तेल आहे ही गोष्ट स्थानिकांना नवी नव्हती. नदीकाठच्या दगडांतून ते आपोआप पाझरत असे. १८२५ मध्ये लेफ्टनंट विल्कॉक्स या इंग्रज अधिकाऱ्याने बुढी दिहिंगच्या काठी असे झरे पाहून त्यांची नोंद केली. दुसऱ्याच वर्षी यांदाबूच्या तहाने ब्रह्मी सत्ता आसामातून उठली आणि कंपनी सरकारचा पाय तेथे रोवला गेला. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी १८६५ मध्ये या झऱ्यांची पाहणी करून खोदकामाची शिफारस केली. कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीच्या वतीने गुडइनफ नावाच्या गृहस्थांनी ते काम अंगावर घेतले. पहिला प्रयत्न वाया गेला. परंतु मार्च १८६७ मध्ये माकुमजवळ नामदांग येथे ११८ फुटांवर तेल लागले. अमेरिकेतील ड्रेक यांच्या प्रसिद्ध विहिरीला त्या वेळी अवघी आठ वर्षे झाली होती. पण तेल लागणे निराळे आणि ते बाजारात पोहोचवणे निराळे. रस्ता नाही, रेल्वे नाही, पावसाळ्यात तर वाटच नाही. तो उद्योग तेथेच थांबला.

वाट निर्माण केली ती कोळशाने आणि चहाने. १८८१ मध्ये लंडनला आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनी स्थापन झाली आणि १८८४ पर्यंत तिने ब्रह्मपुत्रेवरील दिब्रुगडपासून लेडोच्या कोळसा खाणींपर्यंत रूळ टाकले. या कामावरील प्रमुख अभियंता पागानिनी हा इटालियन होता. म्हणून वाटेवरील एका ठाण्याला इटलीची राणी मार्गेरीटा हिचे नाव मिळाले. आसामच्या अरण्यात आजही मार्गेरीटा नावाचे शहर आहे, याचे मूळ हे असे आहे.

याच कंपनीच्या लेक नावाच्या अभियंत्याने दिग्बोईच्या झऱ्यांपाशी सप्टेंबर १८८९ मध्ये पहिली विहीर खोदण्यास आरंभ केला. लाकडी मनोरा, वाफेचा बंब, दोराला टांगलेली जड लोखंडी पहार. ती उचलायची आणि आपटायची, फुटलेला दगड उपसायचा, पुन्हा उचलायची. जड सामान हत्तींनी ओढून आणले. ऑक्टोबरमध्ये १७८ फुटांवर तेलाचे पहिले चिन्ह दिसले. पण ६६२ फूट खोल जाऊन विहीर पुरी व्हायला नोव्हेंबर १८९० उजाडला. चौदा महिने! त्या चौदा महिन्यांत दोन पावसाळ्यांचे दिवस आले, आणि आसामातील पावसाळा म्हणजे चिखल, जळवा आणि हिवताप.

१८९९ मध्ये केवळ तेलासाठी आसाम ऑइल कंपनी निघाली आणि ११ डिसेंबर १९०१ रोजी दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९२१ मध्ये ब्रह्मदेशातील तेलाची धनी असलेली बर्मा ऑइल कंपनी येथे कारभार पाहू लागली आणि जंगलातील ठाण्याचे खरेखुरे गाव झाले. हे गाव बाजारपेठेभोवती किंवा देवळाभोवती वाढलेले नव्हते. ते कंपनीने आखलेले होते. टेकड्यांच्या माथ्यावर हवेशीर बंगले, त्यांना हिरवळ, क्लब, गोल्फचे मैदान. खाली कारखाना, आणि कारखान्याच्या आसपास मजुरांच्या लायनी. नेपाळ, बिहार, ओरिसा, पूर्व बंगाल अशा दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येथे कामाला आली. घर कंपनीचे, पाणी कंपनीचे, दवाखाना कंपनीचा. ज्याचे काम गेले त्याचे छप्परही गेले.

या व्यवस्थेला पहिला मोठा प्रश्न विचारला गेला तो एप्रिल १९३९ मध्ये. वेतन, घरे, रजा या मागण्या घेऊन कामगार संघाने संप पुकारला. हजारो माणसांनी काम थांबवले. त्याच महिन्यात गोळीबार होऊन माणसे प्राणास मुकली. आसामात तेव्हा गोपीनाथ बार्दोलोई यांचे मंत्रिमंडळ होते. तडजोडीचे प्रयत्न झाले, काँग्रेसच्या वरिष्ठ पुढाऱ्यांनीही लक्ष घातले, पण कंपनी हटेना. सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले. तेल हा आता युद्धसामग्रीचा भाग ठरला, भारत संरक्षण नियमांचा बडगा उगारला गेला आणि संप मोडला. कथेतला तो निनावी ‘पोरगा’ त्या वर्षी प्रथमच मोठ्याने बोलला, आणि त्याचा आवाज तोफांच्या आवाजात बुडाला.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. सिरियामचे तेल कारखाने शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त केले. आता पूर्व आघाडीच्या पिछाडीला तेल देणारे ठिकाण म्हणजे दिग्बोई. जवळच्याच लेडोहून चीनकडे जाणारा लष्करी रस्ता १९४२ च्या अखेरीस सुरू झाला. ब्रह्मदेशातून पायी निघालेले निर्वासित पाटकाईच्या खिंडीतून, उपासमारीने आणि तापाने गळालेले, याच बाजूला उतरले. त्या काळात विहिरींतून दिवसाला ७,००० पिंपांपर्यंत तेल उपसले जात होते. गावाच्या कडेला असलेली युद्धस्मशानभूमी त्या दिवसांची साक्ष देते.

पण जमिनीतला साठा अक्षय नसतो. हजारावर विहिरी खोदून झाल्या आणि दिग्बोईचा ओघ आटत चालला. १९५३ मध्ये नाहरकटिया येथे नवे क्षेत्र सापडले, १९५९ मध्ये ऑइल इंडियाची स्थापना झाली, आणि तेलाचे केंद्र दुलियाजानकडे सरकले. १४ ऑक्टोबर १९८१ रोजी आसाम ऑइल कंपनी राष्ट्राच्या मालकीची झाली आणि कारखाना इंडियन ऑइलकडे आला. विहीर क्रमांक एक आता संग्रहालयात जपून ठेवली आहे.

आणि ते अरण्य? आश्चर्य असे की त्याचा मोठा भाग अजून उभा आहे. डोंगरउताराचा बराच मुलूख सरकारी राखीव वन होता. त्यामुळे चहाच्या मळ्यांसाठी तो सरसकट तोडला गेला नाही. होलोंगचे सरळसोट वृक्ष तेथे दीडशे फुटांपर्यंत चढतात. पहाटे हूलॉक वानरांची जोडपी शेंड्यांवरून एकमेकांना साद घालतात. भारतात आढळणारा बिनशेपटीचा कपी तो हाच. सावलीतल्या डबक्यांवर पांढऱ्या पंखांचे दुर्मिळ रानबदक राहते. त्याच्या गूढ आवाजावरून आसामी लोक त्याला देवहंस म्हणतात. हत्तींचे कळप आजही वस्तीच्या कडेपर्यंत येतात. त्यांच्या हिशेबी वाट त्यांचीच आहे; गाव मागाहून आले.

२००४ मध्ये यातील काही भाग दिहिंग पाटकाई अभयारण्य झाला. २०२० मध्ये याच डोंगरांतील सालेकी येथील कोळसा खाणीवरून आसामच्या तरुणांनी मोठा गहजब केला, आणि २०२०-२१ मध्ये सुमारे २३४ चौरस किलोमीटर प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याच २०२० साली, याच जिल्ह्यात, इशाराही मिळाला. २७ मे रोजी बाघजान येथील वायूच्या विहिरीवरचा ताबा सुटला. ९ जूनला तिने पेट घेतला. दोन अग्निशामक जवानांचा बळी गेला, हजारो लोक छावण्यांत गेले, मागुरी-मोटापुंग बीलाच्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरला. ती आग विझायला नोव्हेंबर उजाडला.

बडोद्याच्या वाचकांना तेलाचे गाव परके नाही. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले, १९६५ मध्ये कोयलीचा कारखाना उभा राहिला; १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रातून तेल वर आले. या साऱ्यांचे वडीलघर म्हणजे दिग्बोई. आपल्या आजीच्या कंदिलातले रॉकेल, देव्हाऱ्यातली वा वेदीवरची मेणबत्ती, आजच्या मोटारीतले इंधन, या सर्वांमागे कोठेतरी असे एक रान, अशी एक नदी आणि असे निनावी हात असतात. मुलांनी दिग्बोई हे नाव पुढेही पाठ करावे. फक्त ते सांगताना, त्या ओढ्याचे पाणी कोणाचे होते आणि कुदळ कोणाच्या हाती होती, हे दोन प्रश्नही गुरुजनांनी त्यांना विचारावेत. उत्तराला गुण नसले तरी चालेल.