मुंबईच्या जन्ममृत्यूच्या नोंदी: प्रस्तावना

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या मराठी घरांत मुलांचे जन्मदाखले काढून पाहिले, तर काहींवर हैदराबादऐवजी नांदेड, लातूर किंवा परभणी लिहिलेले सापडेल. संसार इथला, शाळा इथली. पण पहिल्या बाळंतपणासाठी आई माहेरी गेलेली असते. घरच्यांना यात विशेष काही वाटत नाही. मात्र शहरात वर्षभरात किती मुले जन्मली हे मोजायला बसलेल्या अभ्यासकापुढे हाच साधा रिवाज मोठा प्रश्न उभा करतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुंबईचा जन्मदर आणि मृत्युदर समजून घ्यायला याहून जवळची वाट मला माहीत नाही.

आधी शहर पाहू. कापसाच्या तेजीत, 1864 च्या शिरगणतीत, मुंबईत 8,16,562 माणसे मोजली गेली. तेजी ओसरली आणि 1872 मध्ये हा आकडा 6,44,405 वर आला. गिरण्या वाढल्या तशी 1891 पर्यंत लोकसंख्या 8,21,764 झाली. 1896 च्या प्लेगच्या साथीनंतर, 1901 मध्ये, ती 7,76,006 उरली. हे चढउतार केवळ पाळण्यामुळे आणि सरणामुळे झाले नाहीत. कोकणातून, घाटावरून माणसे येत होती आणि परत जात होती. 1901 मध्ये तर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वासहाशे स्त्रिया होत्या. घर गावाकडे आणि कमावता माणूस मुंबईत, अशी हजारो कुटुंबे या आकड्यांमागे उभी आहेत.

त्या काळच्या नोंदींत जन्मांपेक्षा मृत्यूच जास्त दिसतात. ते पाहून वाचकांनी लगेच निष्कर्ष काढू नये. मृत्यूची नोंद स्मशानात किंवा कब्रस्तानात होई. प्रेताला त्या फाटकातून जावेच लागे. जन्माला असे फाटक नव्हते. मूल घरात, सुईणीच्या हाती जन्माला येई. आई गावी गेली असेल, तर तो जन्म मुंबईच्या वहीत येण्याचा प्रश्नच नव्हता. तेच तान्हे पुढे आईबरोबर चाळीतल्या खोलीत आले आणि दगावले, तर त्याचा मृत्यू मात्र मुंबईच्या खाती पडे. म्हणून तिथला बालमृत्युदर भयंकर होता हे खरे असले, तरी तो नेमका किती होता हे सांगताना जपून बोलावे लागते.

दर म्हणजे अपूर्णांक. अंशाकडे सगळ्यांचे लक्ष जाते; तुम्ही छेदाकडेही पाहा. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. त्या वर्षीच्या मृत्यूंना 1891 च्या लोकसंख्येने भागले, तर शहरात नसलेली माणसेही हिशेबात धरली जातात आणि मागे राहिलेल्यांवरचे संकट खऱ्याहून सौम्य दिसते. शिवाय सक्तीच्या विलगीकरणाच्या भीतीने घरोघरी आजार लपवला जात होता आणि प्लेगचे काही मृत्यू तापाच्या नावे नोंदले जात. म्हणून प्लेगच्या रकान्याइतकाच तापाचा रकानाही बारकाईने वाचावा.

नवख्या वाचकांनी सुरुवात गोविंद नारायण माडगांवकरांच्या 1863 च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकाने करावी. आकड्यांआधी त्यातून गल्ल्या, विहिरी आणि माणसे ओळखीची होतील. मग डॉ. लीथ यांचा 1864 चा आरोग्यविषयक अहवाल घ्यावा आणि त्यानंतर एडवर्ड्‌स यांचे मुंबई शहराचे तीन खंडी गॅझेटियर. नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक तक्ते शेवटी उघडावेत. तोवर रकान्यांतली गैरहजेरीही तुम्हाला दिसू लागलेली असेल.

हैदराबादकरांना ही कथा परकी वाटणार नाही. प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट आला, तर मुसी नदीच्या 1908 च्या महापुरानंतर इथे 1912 मध्ये शहर सुधार मंडळ. शहरे आपल्या मृतांची मोजदाद करत करतच राहण्याजोगी होत गेली, हे या विषयाचे मोल आहे. तक्ते हाती घेण्याआधी एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: कोणते मूल कुठे जन्मले आणि त्याची नोंद कोणत्या गावी झाली? ती उत्तरे कागदावर मांडलीत, की शहराच्या वहीत न आलेले जन्म तुम्ही स्वतःच मोजायला लागलेले असाल.