शाळेतील लैंगिक छळ : विद्यार्थ्यांचे कायदेशीर हक्क

शाळेत लैंगिक छळ झाल्यास अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही २०१२च्या ‘पोक्सो’ कायद्याचे संरक्षण आहे. शिक्षक वा कर्मचाऱ्याने केलेले असे कृत्य अधिक गंभीर मानले जाते. प्रकार कळूनही पोलिसांना न कळविणे हा गुन्हा असून, हाताखालील कर्मचाऱ्याचे कृत्य दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेची बदनामी नको’ ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. पीडित मुलाचा जबाब पोलिसांनी त्याच्या घरी वा पसंतीच्या ठिकाणी, पालकांच्या अथवा विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत, गणवेश न घालता नोंदवावयाचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. विशेष न्यायालयाच्या परवानगीविना प्रसारमाध्यमांना त्याची ओळख उघड करता येत नाही. मदतीसाठी १०९८ ही विनाशुल्क हेल्पलाइन आहे.