कै., वै. आणि कालकथित

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात शिवाजी महाराजांचा उल्लेख 'थोरले कैलासवासी स्वामी' असा येतो. नाव घ्यायचे नाही, 'मृत' म्हणायचे नाही. तरी कुणाविषयी लिहिले आहे हे वाचणाऱ्याला पक्के ठाऊक. मोगल दरबारच्या कागदांतही निधनानंतर हुमायून 'जन्नत आशियानी' झाला आणि औरंगजेब 'खुल्द मकान'. गेलेल्या राजाला स्वर्गात घर देण्याची रीत दोन्हीकडे होती.

मराठी लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावाआधी लागणारे 'कै.' याच घराण्यातले. वारकरी मात्र वैकुंठाला जातो. आळंदीत १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढणारे विष्णुबुवा जोग कीर्तनकारांच्या बोलण्यात 'वैकुंठवासी जोग महाराज' असतात. संन्यासी ब्रह्मीभूत होतो, मुसलमान पैगंबरवासी, ख्रिस्ती माणूस ख्रिस्तवासी. पुण्यात तर दोन स्मशानभूमींचीच नावे कैलास आणि वैकुंठ आहेत.

बायकांच्या बाबतीत ही अक्षरे अधिक बोचतात. नवऱ्याआधी गेलेली 'कै. सौ.', मागाहून गेलेली 'कै. गं. भा.'. पहिलीला हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट भरून निरोप. अहेवपणी गेली म्हणून तिचे भाग्य वाखाणायचे. दुसरीच्या वाट्याला यातले काही नाही. मेल्यावरही बाईची ओळख नवरा जिवंत होता की नाही यावर ठरावी, हा अन्याय दोन अक्षरांत बेमालूम लपून गेला.

या सगळ्याला खरा छेद गेला तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा देताना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. विष्णू गेला की वैकुंठ गेले, महेश गेला की कैलास. सहावीने श्राद्ध आणि पिंडदानही सोडायला लावले. मग आपल्या माणसाच्या नावाआधी लिहायचे काय? बौद्ध कुटुंबांत 'कालकथित' रूढ झाला. पाली ग्रंथांत मरण पावलेल्यासाठी 'कालकत' शब्द आहे. हा त्याच्याच कुळातला. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या पत्रिकांवर, फोटोखाली, तो ठळक छापलेला असतो. अशा घरच्या माणसाला शोकसंदेशात 'कैलासवासी' म्हणणे म्हणजे त्याने जाणीवपूर्वक नाकारलेला देव पुन्हा त्याच्या माथी मारणे.

वर्तमानपत्रांनी आणि सरकारी कागदांनी 'दिवंगत' पत्करला, सगळ्यांना चालेल असा म्हणून. त्यातल्या 'दिव'चा अर्थही स्वर्गच.