वीजळीचे दिवे

नवा रायपूर येथे आमच्या कार्यालयाच्या मागील आवारात डिझेलवर चालणारे एक जनित्र आहे. वीज गेली की क्षणभर सर्वत्र काळोख होतो. मग ते यंत्र घरघरू लागते, पंखे फिरू लागतात आणि आम्ही पुन्हा फायलींत डोके घालतो. त्या क्षणभराच्या काळोखाने कोणाचे काही बिघडत नाही. याच राज्यात कोरब्यास मोठमोठी औष्णिक केंद्रे आहेत. एका केंद्राने दगा दिला तर दुसऱ्याची वीज मिळते. भर समुद्रातील जहाजाला मात्र असा शेजार नसतो. त्याने आपली वीज आपणच निर्माण करावयाची आणि ती बंद पडली तर आपणच सावरावयाचे. समुद्रापासून शेकडो मैल दूर बसून आम्हांस जहाजांवरील जनित्रांचा इतिहास का सुचावा, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण पुढे येईलच.

विजेच्या निर्मितीचे तत्त्व सोपे आहे. चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरविले की तारेत प्रवाह उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिले. प्रश्न उरतो तो एवढाच की, ते वेटोळे फिरवावयाचे कोणी? आगबोटीवर याचे उत्तर आयतेच होते. बॉयलरमध्ये वाफ असेच. त्यांतील थोडी वाफ एका लहान इंजिनाकडे वळवावयाची आणि त्या इंजिनाने डायनामो फिरवावयाचा. १८८० साली अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ या आगबोटीवर एडिसनचे दिवे लागले, आणि तेलाच्या दिव्यांचा धूर व आगीचे भय यांतून सुटका होण्याची आशा दिसू लागली. तथापि नव्या शक्तीने आपला बळीही लवकरच घेतला. ‘इनफ्लेक्सिबल’ या इंग्रजी युद्धनौकेवर ८०० व्होल्टांचा प्रवाह खेळविला होता. १८८२ साली त्याच्या धक्क्याने एक खलाशी मरण पावला. तेव्हा इंग्रजी आरमाराने ८० व्होल्टांची मर्यादा पत्करली.

हे नवल आपल्या किनाऱ्यास येण्यास फार काळ लागला नाही. १८८५ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे बांधलेली एक आगबोट कच्छ आणि मुंबई यांच्या दरम्यान ये-जा करू लागली. तिचे नाव ‘वैतरणा’. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून पालघरच्या किनाऱ्यास समुद्रास मिळणाऱ्या आपल्या नदीचेच हे नाव. पण त्या बोटीवर विजेचे दिवे होते, आणि रात्री बंदरात ती झगमगत उभी राहिली म्हणजे पाहणाऱ्यांचे डोळे दिपत. लोकांनी कागदोपत्री असलेले नाव बाजूस सारले आणि तिला ‘वीजळी’ म्हणावयास आरंभ केला.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी, कार्तिक शुद्ध पंचमीस, वीजळी कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. दिवाळी नुकतीच सरली होती. बोटीवर लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेस बसावयास निघालेले विद्यार्थी होते. द्वारकेस आणखी उतारू चढले. पुढे वादळ उठले. पोरबंदरास बोट थांबली नाही. ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ कोठेतरी बुडाली. सातशेंहून अधिक माणसे गेली आणि बोटीचा सांगाडाही आजवर सापडलेला नाही. मुंबई सरकारने चौकशी केली, तेव्हा बोटीवर जीवरक्षक होड्या व साधने पुरेशी नव्हती, असे निष्पन्न झाले. दिवे होते, होड्या नव्हत्या. सौराष्ट्रात तिची गाणी अद्याप गातात.

त्या रात्री वीजळीवरील डायनामो चालू असता तरी तिची हाक कोणाच्या कानी पडली नसती, कारण बिनतारी संदेशाचा शोधच तोवर लागला नव्हता. तिची वीज फक्त उजेड देऊ शकत होती. बोलू शकत नव्हती. ती वाचा पुढील पिढीत आली. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर प्रत्येकी ४०० किलोवॅटची चार बाष्पजनित्रे होती, शिवाय पाण्याच्या पातळीपासून बऱ्याच उंचीवर ३० किलोवॅटची दोन लहान जनित्रे संकटकाळासाठी ठेवलेली होती. जहाज बुडण्याच्या अगदी अखेरच्या मिनिटांपर्यंत दिवे जळत राहिले. ते जळते ठेवणाऱ्या अभियंत्यांपैकी एकही परतला नाही. पण बिनतारी यंत्राने दिलेली हाक ‘कार्पेथिया’ने ऐकली आणि सातशेंवर जीव वाचले. त्याच वर्षी ‘सेलंडिया’ हे डिझेल इंजिनाचे मोठे जहाज महासागरावर उतरले. वाफ गेली तरी जनित्र राहिले. ते फिरविणारे इंजिन तेवढे बदलले.

आता आम्ही मूळ कारणाकडे वळतो. आमचे आजोळ रेवसच्या बाजूचे. आषाढी अमावास्येस, म्हणजे दिव्यांच्या अवसेस, घरातील समया व निरांजने घासूनपुसून पाटावर मांडली जात, आणि पूजा आटोपली की आजी गप्प होई. पुष्कळ वर्षांनी आम्हांस कळले, की तिच्या बालपणी याच दिवशी ‘रामदास’ बोट बुडाली. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसकडे निघाली. सणासाठी घरी परतणाऱ्यांची गर्दी होती. काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. वाटेत भेटलेल्या कोळ्यांच्या होड्यांनी काहींना वाचविले. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई काही मैलांवर होती, आणि तिला त्या दिवशी बराच वेळ खबरही नव्हती. वीजळीच्या काळी ते यंत्र जगातच नव्हते. रामदासच्या काळी जगात होते, आपल्या बोटीवर नव्हते. पहिल्या गोष्टीस दैव म्हणावे. दुसरीस दैव म्हणणे आम्हांस जमत नाही.

आज आंतरराष्ट्रीय नियमांनी हा हिशेब पक्का केला आहे. समुद्रगामी जहाजावर एकाहून अधिक जनित्रे लागतात. एक बंद पडले तर दुसऱ्याने भार उचलावयाचा. याखेरीज संकटकाळाचे स्वतंत्र जनित्र इंजिनघरात नव्हे, तर वरच्या डेकच्याही वर ठेवावयाचे, म्हणजे खाली पाणी शिरले तरी ते चालू राहावे. वीज गेल्यापासून ४५ सेकंदांत त्याने आपोआप भार उचलावा, आणि उतारूंच्या जहाजावर ते ३६ तास पुरावे, अशी अट आहे. संदेशयंत्रांसाठी विद्युत्घटांची तरतूद निराळी.

एवढे करूनही काळोख कधी येणारच नाही असे नव्हे. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली. जहाजावरील बहुतेक कर्मचारी भारतीय होते. काबू सुटलेले जहाज पुलावर आदळले, पूल कोसळला आणि त्यावर काम करणारे सहा मजूर मरण पावले. एका तारेची सैल जोडणी हे मूळ कारण असल्याचे पुढे चौकशीत दिसून आले. मात्र जहाजावरील बंदराच्या पायलटने वेळीच इशारा दिला होता. पोलिसांनी पुलावरील वाहतूक रोखली, आणि मृतांची संख्या सहावरच थांबली. जहाज आंधळे झाले, परंतु मुके झाले नाही.

विजेचा दिवा जहाजावर प्रथम आला तो शोभेसाठी. तो कर्तव्य म्हणून जळावा, हे ठरावयास फार माणसे बुडावी लागली. आपण कारकुनी पेशाची माणसे नियम, अटी व परिपत्रके यांना सहज कंटाळतो. पण ‘४५ सेकंद’ हे दोन शब्द कोणीतरी फायलीवर लिहिले, आणि त्यांमागे अनेक आज्यांचे मौन उभे होते, हे आम्ही आता विसरत नाही. कार्यालयातील जनित्र घरघरू लागते तेव्हा मनात सेकंद मोजण्याची सवय आम्हांस लागली आहे.