स्वखुशीची बंदी

महसुलाच्या जुन्या दप्तरांत 'बंदी' हा शब्द पावलोपावली भेटतो. सरकारच्या येण्याची आकारणी ठरवावयाची तर जमाबंदी, वाटा रोखावयाच्या तर नाकेबंदी. आणि या सर्वांना अंकित करणारा फारसी 'बंद' हा संस्कृत 'बन्ध' याचा सख्खा चुलतभाऊ असल्यामुळे, निजामशाहीच्या कचेरीतून निघून तो मराठी ओसरीवर येऊन बसला तेव्हा परका असा कोणाला वाटलाच नाही. मात्र या साऱ्या गोतावळ्याचे एक कुललक्षण होते : बांधणारा वेगळा आणि बांधला जाणारा वेगळा. बांधणारा आणि बांधला जाणारा एकच असावा, ही कल्पना या शब्दाला चिकटली ती अगदी अलीकडे, आणि ती चिकटविण्यात पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दोन कोरडवाहू गावांचा वाटा मोठा आहे.

ही कथा शेवटी हत्यारापाशी येऊन थांबते, आणि हत्यारांच्या बाबतीत तर हा प्रांत मुळीच अनभिज्ञ नव्हे. विजापूरच्या तटावर आज निवांत पहुडलेली मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ १५४९ साली ओतली गेली ती नगरात, मुहम्मद बिन हसन रूमी या ओताऱ्याच्या हातून. तोफा ओतणाऱ्या त्याच मुलखाला पुढे साधी ठासणीची बंदूक बाळगण्यासाठी साहेबाच्या परवान्याची वाट पाहावी लागली. कारण सत्तावन्नच्या उठावाने धास्तावलेल्या सरकारने आरंभिलेली निःशस्त्रीकरणाची मोहीम १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने कायम झाली, आणि त्या कायद्याच्या जाचातून युरोपियनांना सूट होती. स्वराज्यात १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, भेद गेला, परवाना राहिला. या अधिनियमाच्या १७ व्या कलमात परवाना रद्द करण्याची नाना कारणे दिली आहेत, आणि त्यांच्या गर्दीत चौथे पोटकलम, कोणाच्या फारसे नजरेस न येणारे, असे सांगते की परवानाधारकाने स्वतः अर्ज केला तरीही परवाना रद्द करता येईल. या पोटकलमाकडे शेवटी परत यावयाचे आहे. त्याआधी ती दोन गावे.

१९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत परतले आणि यादवबाबांच्या पडक्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून त्यांनी कामाला हात घातला. दारूभट्ट्यांवर जगणाऱ्या त्या गावाने भट्ट्या बंद करण्याचा निश्चय केला तो त्याच मंदिरात, देवाच्या समक्ष. सरकारी शिक्का त्यावर नव्हता. परंतु कुळकथा सांगणाऱ्याने कुळातली अडचणीची माणसे लपवू नयेत. शपथ मोडून पुन्हा पिणाऱ्याला समज देऊनही तो वळला नाही तर खांबाला बांधून फटके दिले जात, ही गोष्ट खुद्द अण्णांनीही कधी झाकली नाही. बांधून घेणे आणि बांधले जाणे यांतला फरक ज्या खांबापाशी पुसला गेला, त्या खांबाला स्वखुशीच्या इतिहासात मानाचे स्थान देणे मला जड जाते.

त्या मानाने दुसऱ्या गावाची, हिवरेबाजारची, कुऱ्हाडबंदी अधिक निर्मळ. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान अशी जी पाच व्रते गावाने घेतली, त्यांतल्या चार शब्दांच्या शेपटीला 'बंदी' लागलेली आहे. कुऱ्हाडबंदीत कुऱ्हाड कोणी जप्त करीत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ती घरातच असते, धार लावलेली, दांडा बसविलेली. फक्त उभ्या झाडावर ती चालवावयाची नाही. चराईबंदीतही गवत निषिद्ध नाही. गुरे डोंगरावर मोकळी न सोडता विळ्याने कापून भारा डोक्यावरून गोठ्यात आणावा, एवढेच. (शेळीवाल्याला हे 'एवढेच' किती जाचते, ते त्यालाच विचारावे.) नंतर गावाने शेतीसाठी बोअर घेणेही स्वतःला मना केले, आणि पडलेल्या पावसाचा दरवर्षी ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभेत ठरू लागले.

या व्रताला कायद्याचे अंग फुटले ते दारूच्या निमित्ताने. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली राज्य सरकारने २००८ साली काढलेल्या आदेशानुसार, गावातल्या वा वॉर्डातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी दारूचे दुकान बंद करण्याची मागणी केली की गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर अक्षरांचा भार नसतो. दोन चित्रे असतात, एक बाटली उभी, एक आडवी, आणि निरक्षर म्हातारीलाही शिक्का कोठे मारावयाचा ते सांगावे लागत नाही. मेख निराळीच आहे. झालेल्या मतांपैकी निम्मी मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिकांनी बाटली आडवी पाडावी लागते. म्हणजे जी बाई त्या दिवशी खुरपणीला गेली, किंवा जिला घरच्याने उंबऱ्याबाहेर पडू दिले नाही, तिचे मत न देताच उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. स्वतःला बांधून घेणेही सरकारने एवढे अवघड करून ठेवले आहे.

अमेरिकेत बंदूक बाजारात सहज मिळते, तेथे हीच कल्पना बंदुकीला येऊन भिडली. फ्रेडरिक वार्स या अलाबामातल्या कायद्याच्या प्राध्यापकाने ती मांडली, आणि २०१८ साली वॉशिंग्टन राज्याने ती प्रथम कायद्यात आणली. माणसाने शुद्धीत असताना कारकुनाच्या टेबलाशी जाऊन आपण होऊन अर्ज द्यावा की मला बंदूक विकू नये; मग दुकानदाराने चौकशी करताच त्याचे नाव निषिद्धांच्या यादीत निघते आणि सौदा मोडतो. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सला एक स्त्री बंदूक विकत घेऊन जिवाला मुकली, आणि तिच्या मुलीने अशा कायद्यासाठी देशभर खटपट आरंभिली. व्हर्जिनियाने २०२० मध्ये व यूटाने २०२१ मध्ये तसे कायदे केले. या कायद्यांचा प्राण मनाईत नाही, विलंबात आहे. वॉशिंग्टनमध्ये अर्ज दिल्यावर सात दिवस तो मागे घेता येत नाही. व्हर्जिनियात नाव काढून घेण्यास अर्जानंतर एकवीस दिवस जावे लागतात. जिवावर उठलेली ऊर्मी बहुधा अल्पायुषी असते, आणि दिवस जाऊ दिले की ती ओसरते, हे त्यामागचे मर्म आहे. भीष्माच्या प्रतिज्ञेलाही अशी परतीची वाट ठेवली असती तर हस्तिनापुराचे पुष्कळ भले झाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्या शस्त्र अधिनियमातल्या त्या चौथ्या पोटकलमात हा विलंब नाही. आज स्वतःच्या अर्जाने परवाना रद्द करून घेणाऱ्याने उद्या पुन्हा अर्ज केला, तर पोलिसी चौकशीची नेहमीची दिरंगाई काय ती आडवी येईल. त्याचा स्वतःचाच कालचा शब्द येणार नाही. तथापि जे आहे ते वापरावे. पिकाच्या राखणीसाठी किंवा वडिलांच्या मागे वारशाने बाराबोर घरात आलेली असेल आणि घरातल्या कोणाचे मन ठिकाणावर नसेल, तर परवानाधारकाने निवडणुकीच्या काळात पोलिसांची नोटीस येण्याची वाट पाहू नये. ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी द्यावी आणि पावती जपून ठेवावी.