बर्फाची तालीम, लाकडाची तालीम

२०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आइस डान्सचं सुवर्ण कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू-स्कॉट मॉयर यांनी जिंकलं, तर रौप्य फ्रान्सच्या गॅब्रिएला पापादाकिस-गियोम सिझेरॉन यांनी. देश वेगळे, पण दोन्ही जोड्या मॉन्ट्रियलच्या एकाच अकादमीच्या. २०२२ला बीजिंगमध्ये या खेळातल्या २३ जोड्यांपैकी ११ तिथल्याच होत्या. म्हणजे रोज सकाळी ज्यांच्यासोबत सराव करायचा, स्पर्धेत त्यांनाच हरवायचं! चांगले प्रशिक्षक आहेत म्हणून चांगले खेळाडू येतात, आणि ते आहेत म्हणून आणखी येतात.

आमच्या वाटूरला बर्फ भेटतो तो रसवंतीतल्या ग्लासात. पण एका तालमीने अख्ख्या क्षेत्रावर छाप पाडणं महाराष्ट्राला नवीन नाही. १९१४मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. इंग्रजांच्या राज्यात शरीर कमावणं हा नुसता छंद नव्हता. क्रांतिकारक राजगुरूही या आखाड्यात येऊन गेले. १९३६मध्ये मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली.

नावातला 'प्रसारक' हा शब्द महत्त्वाचा आहे. मंडळाने पैलवान घडवले, तसे व्यायामशिक्षकही घडवले. हे शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले. मॉन्ट्रियलमध्ये जग शाळेकडे येतं. अमरावतीतून शाळाच बाहेर पडली. आता मॉन्ट्रियलवाल्यांनीही तो रस्ता धरलाय: ओंटारियोतल्या लंडन शहरात त्यांची शाखा आहे आणि ती मॉयर सांभाळतो.

मल्लखांबाला तर हे आणखी सोपं. रिंकला बर्फ गोठवणारी यंत्रं लागतात, वीज लागते. इथे एक गुळगुळीत लाकडी खांब आणि थोडं एरंडेल. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या उत्तरार्धात ही विद्या पुन्हा उभी केली, तेव्हाही सामान एवढंच होतं. २०१३मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळ केलं. २०१९मध्ये पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर झाली. छत्तीसगडच्या अबूझमाडमधल्या आदिवासी मुलांनी २०२३मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकलं, ते याच खांबावर.

म्हणजे महाराष्ट्राची मक्तेदारी संपत चालली आहे. काहींना याचं वाईट वाटेल. मला वाटतं, प्रसारकांचं काम झालं ते असं. उलट काळजी वेगळी आहे. परतूर-मंठा पट्ट्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानात खांब उद्या रोवता येईल. पण पहिली उडी मारताना पोराच्या पाठीला हात लावून उभा राहणारा शिक्षक व्हिडिओतून येत नाही, ॲपमधून तर नाहीच. त्याला नोकरी लागते, पगार लागतो. अमरावतीने शंभर वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. मोठ्या तालमींचं भविष्य पदकांच्या कपाटापेक्षा या शिक्षकांच्या नेमणुकीवर जास्त अवलंबून आहे.