फेसलिफ्ट

फेसलिफ्ट : वयोमानाने ओघळलेले गाल, जबड्याची पुसट झालेली कड आणि गळ्याशी सुटलेली कातडी वर उचलून पुन्हा जागी बसवण्याची शस्त्रक्रिया. वैद्यकात तिला ऱ्हिटिडेक्टमी म्हणतात. चाळिशीच्या उत्तरार्धापासून सत्तरीपर्यंतचे लोक ती करून घेतात. त्यांत स्त्रिया बहुसंख्य. शस्त्रक्रिया साधारण तीन ते पाच तासांत उरकते, चेहरा चारचौघांत नेण्याजोगा व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि खरा परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष. जाहिरातींत यातला पहिला आकडा ठळक असतो, शेवटचा सहसा नसतो.

काय बदलते, काय नाही : शस्त्रक्रियेचा भर चेहऱ्याच्या खालच्या दोन-तृतीयांश भागावर आणि मानेवर असतो. जबड्याच्या कडेवर लोंबणारे फुगवटे, हनुवटीखालची झोळी आणि मानेवर उठून दिसणाऱ्या उभ्या दोऱ्या यांवर तिचा उत्तम उपयोग होतो. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी थोडी सौम्य होते, जात मात्र नाही. कपाळावरच्या आठ्या, जड झालेल्या पापण्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, ओठांभोवतीच्या बारीक रेषा आणि वांग यांना फेसलिफ्ट शिवतही नाही. त्यांसाठी पापण्यांची शस्त्रक्रिया, लेझर, बोटॉक्स किंवा नुसती मलमे असे वेगळे उपाय आहेत. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन उन्हापासून बरेच संरक्षण देते, त्यामुळे आपल्याकडे बारीक सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा पडतात. तक्रार असते ती बहुधा डागांची, काळेपणाची आणि ओघळण्याची. यांपैकी फक्त शेवटची तक्रार या शस्त्रक्रियेच्या कक्षेत येते. पन्नाशीच्या ज्या बाईला वांग जायला हवा आहे, तिने फेसलिफ्ट करून घेतल्यास पदरी निराशाच पडेल.

चेहऱ्याचे थर : कातडीखाली चरबीचा थर, त्याखाली एक चिवट तंतुमय पडदा आणि त्याच्याही खाली चेहऱ्याची हालचाल करणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा, अशी गालाची रचना आहे. या पडद्याला शल्यचिकित्सक ‘स्मास’ म्हणतात. मानेत तोच प्लॅटिस्मा या पातळ, रुंद स्नायूला जाऊन मिळतो. वय वाढते तशी कातडीची लवचीकता कमी होते, चेहरा हाडाला बांधून ठेवणारे बंध सैलावतात, गालाची चरबी खाली सरकते आणि काही ठिकाणी विरते, शिवाय जबड्याचे हाडही थोडे झिजते. म्हणजे ओघळणे हा सगळ्या थरांचा प्रकार आहे. गादीतला कापूस एका बाजूला सरकला असेल तर वरची चादर कितीही ताणली तरी गादी सपाट होत नाही. नुसती कातडी ताणणाऱ्या जुन्या फेसलिफ्टचे असेच होत असे. कातडी मुळात ताण पेलण्यासाठी नाहीच. वर्षा-दोन वर्षांत ती पुन्हा सैल पडे, व्रण रुंदावत आणि तोवर चेहऱ्यावर वाऱ्याच्या झोतात उभे असल्यासारखा ताणलेला भाव राही. फेसलिफ्टची जी थट्टा होते ती बहुतांशी त्या काळातली कमाई आहे.

इतिहास : पहिल्या फेसलिफ्टचे श्रेय बर्लिनचे ऑयगेन होलँडर यांना दिले जाते. १९०१ साली एका पोलिश उमराव घराण्यातल्या बाईंच्या आग्रहावरून त्यांनी कानापुढची लांबट फाक कापून कडा शिवून टाकल्या. त्या काळी असे काम प्रतिष्ठित मानले जात नसे. सर्जन ते करत, पण छापून आणत नसत, त्यामुळे ‘पहिला कोण’ हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. उघडपणे लिहिणाऱ्यांत पॅरिसच्या सुझान नोएल यांचे नाव मोठे आहे. या स्त्री-शल्यचिकित्सकाने सौंदर्यशस्त्रक्रिया आणि तिची सामाजिक भूमिका यांवर १९२६ साली पुस्तकच प्रसिद्ध केले. नोकरी-व्यवसायात तरुण दिसणे ही स्त्रीच्या पोटापाण्याची गरज असू शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. नोएल त्या भागापुरतीच भूल देऊन लहान लहान टप्प्यांत काम करत आणि रुग्ण लगेच घरी जात.

कातडीखालच्या खोल थराला हात घालायला मात्र १९७० चे दशक उजाडावे लागले. स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी खोल थर कातडीसह उचलण्याची पद्धत १९७४ मध्ये मांडली. १९७६ मध्ये व्लादिमीर मिट्झ आणि मार्टिन पेरोनी या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी शवविच्छेदनावरून स्मास या पडद्याचे वर्णन केले आणि फेसलिफ्टचे दोन कालखंड पडले : त्याआधीचा व त्यानंतरचा. अमेरिकेतील सॅम हॅमरा यांनी १९९० मध्ये ‘डीप प्लेन’ पद्धतीचे वर्णन केले. आज जाहिरातींत मिरवणारे हे नाव नवे नाही, ते त्या वर्षापासूनचे आहे.

प्लास्टिक सर्जरीचा विषय निघाला की आपल्याकडे सुश्रुत आणि कावसजी हमखास येतात. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले गेले आणि त्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली. ती परंपरा गेलेला अवयव भरून काढण्याची. फेसलिफ्टशी तिचे नाते जोडणे ओढूनताणूनच होईल. महाराष्ट्राचा खरा धागा दुसरीकडे आहे. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची कातडी आतून भरून जाड होते. औषधाने रोग हटला की ती रिकामी पडून सुरकुतते, लोंबते आणि तरुण माणसाला म्हातारा चेहरा येतो. रोग गेला तरी त्याचा शिक्का राहतो, तो पुसण्यासाठी कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनात फेसलिफ्ट वापरली गेली आहे. या क्षेत्रात प्लास्टिक सर्जरी आणणाऱ्यांत डॉ. नोशिर अंतिया हे अग्रणी. पुण्याच्या कोंढव्यातील कुष्ठरुग्णालयात त्यांनी विद्रूपता दूर करणाऱ्या शस्त्रक्रिया केल्या. फेसलिफ्टला सरसकट श्रीमंती चोचले म्हणणाऱ्यांना ही बाजू सहसा ठाऊक नसते.

पूर्वतयारी : दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते, रक्तदाब (त्याचे कारण पुढे ‘पहिली रात्र’मध्ये) आणि निकोटिन. उचललेल्या कातडीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. निकोटिनने त्या आक्रसतात आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून निदान चार आठवडे आधी आणि तितकेच नंतर तंबाखू बंद ठेवावी लागते. यात सिगारेटइतकीच मिश्री आणि गुटखाही आला. ‘तुम्ही सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे खरे उत्तर देणाऱ्या अनेक बायका रोज सकाळी मिश्री लावतात आणि ते सांगायचे असते हे त्यांच्या गावीही नसते. अॅस्पिरिन व रक्त पातळ करणारी इतर औषधे हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच थांबवायची. इ जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्याही सुमारे दोन आठवडे आधी बंद करतात. केसांना कलप किंवा मेंदी लावायची असल्यास आधीच लावून घ्यावी, कारण नंतर चार ते सहा आठवडे तिला परवानगी नसते.

शस्त्रक्रिया : खुणा रुग्णाला बसवून करतात, आडवे झाले की गाल कानाकडे सरकतात आणि ओघळलेपण निम्मे लपते. मग पूर्ण भूल किंवा गुंगी देऊन, कातडीत अॅड्रिनॅलिन मिसळलेले बधिरीकरणाचे औषध टोचतात. त्याने रक्तस्राव कमी होतो. छेद कानशिलाच्या केसांत सुरू होतो, कानापुढून उतरतो, कानाच्या भोकापुढे जो छोटा कुर्च्याचा उंचवटा असतो त्याच्या आतल्या कडेने वळतो, पाळीला वळसा घालून कानामागच्या खोबणीतून मानेवरच्या केसांत शिरतो. पुरुषांत तो बहुधा उंचवट्याच्या पुढेच ठेवतात, नाहीतर दाढीचे केस कानात उगवतात. छेदातून कातडी सुटी करून स्मास वर-मागे ओढतात आणि टाक्यांनी पक्का करतात. कोणी त्याची घडी घालतो, कोणी पट्टी कापून कडा जोडतो, कोणी त्याच्या खालून शिरून गालाचे बंधच सोडवतो. कोणती रीत श्रेष्ठ यावर शल्यचिकित्सकांत एकमत नाही, आणि सरावलेल्या हातात तिन्ही चांगल्या ठरतात. मानेसाठी हनुवटीखाली आणखी एक लहान छेद असतो. सगळा ताण पडद्यावर पडल्यावर उरलेली कातडी न ओढता कापून शिवतात. इथली घाई कानाच्या पाळीवर उमटते : ताण राहिला तर पाळी खाली खेचली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते, आणि जाणकार नजर फेसलिफ्ट ओळखते ती बहुधा इथेच.

धाग्यांनी चेहरा उचलण्याचे जे प्रकार ‘विनाशस्त्रक्रिया’ म्हणून विकले जातात त्यांचा परिणाम थोडा आणि अल्पकाळाचा असतो.

पहिली रात्र : फेसलिफ्टची सर्वांत सामान्य गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साकळणे. शंभरात काही रुग्णांना ती होते, पुरुषांना बायकांपेक्षा अधिक, आणि बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत. संध्याकाळी अॅड्रिनॅलिनचा अंमल उतरतो. त्यात उलटी, खोकला किंवा लघवीच्या तटतटीने रक्तदाब चढला की एखादी बारीक वाहिनी पुन्हा वाहू लागते. फेसलिफ्टनंतर घट्टपणा जाणवतो पण तीव्र वेदना सहसा नसतात. म्हणून एकाच बाजूला वाढत जाणारे दुखणे आणि टणक होत जाणारी सूज यांकडे ‘सकाळी बघू’ म्हणून दुर्लक्ष करायचे नसते. अशा वेळी तातडीने टाके उघडून रक्त काढावे लागते. उशीर झाल्यास वरची कातडी मरते. याच कारणाने पहिली रात्र रुग्णालयात काढणे शहाणपणाचे.

बरे होणे : पट्टी आणि रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या एक-दोन दिवसांत निघतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. डोळे बारीक झालेले, एक गाल दुसऱ्याहून मोठा, ओठांचे हसू वाकडे. याच सुमारास आरसा समोर येतो आणि ‘हे मी काय करून घेतले’ असे रडू कोसळते. हे इतके नेहमीचे आहे की चांगले शल्यचिकित्सक ते आधीच सांगून ठेवतात. घरच्यांनाही सांगायला हवे, कारण ‘तुला सांगत होतो’ हे वाक्य त्याच दिवशी ऐकू येते. काळेनिळे डाग खाली उतरत मानेवर, कधी छातीपर्यंत येतात, मग हिरवट-पिवळे होऊन दोन आठवड्यांत मावळतात.

दोन आठवडे दोन-तीन उशा घेऊन पाठीवर झोपायचे. पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी, पेज. लोणचे-पापड नको, मिठाने सूज रेंगाळते. डोक्यावरून घालायचे कपडे टाळून पुढे बटणे असलेले वापरायचे. हेल्मेट कानांवरून खेचून घालावे लागते, त्यामुळे दुचाकी काही आठवडे बंद. कानापुढचे टाके पाच ते सात दिवसांत काढतात, मागचे दहाव्या दिवसाच्या आसपास. घरबसले काम आठवड्याभरात जमते, कचेरी दोन-तीन आठवड्यांनी, धावणे, वजने उचलणे आणि डोके खाली करावी लागणारी योगासने चार ते सहा आठवड्यांनी. घरात लग्नकार्य असेल तर शस्त्रक्रिया आणि कार्य यांत तीन महिन्यांचे अंतर ठेवावे. फोटोत सूज लपत नाही.

गाल आणि कान काही आठवडे, कधी अनेक महिने बधिर राहतात. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही, म्हणून केस वाळवायचे गरम यंत्र किंवा शेक वर्ज्य. जड झुमकेही तोवर डब्यात.

इतर धोके : सर्वाधिक इजा होते ती कानाच्या पाळीला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूला. चेहऱ्याच्या हालचालीच्या शाखांना धक्का लागला तर भुवई उचलत नाही किंवा खालचा ओठ एका बाजूने उतरत नाही. हे बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होते, कायमचा लुळेपणा विरळा. छेदाजवळचे केस तात्पुरते गळतात. व्रण वर्षभर लाली धरतात. सावळ्या त्वचेवर ते गडद होण्याची किंवा जाड वाढण्याची शक्यता अधिक, त्यामुळे ज्याला आधी कान टोचल्यावर गाठ आली होती त्याने ते आवर्जून सांगावे.

टिकाऊपणा व खर्च : चांगल्या फेसलिफ्टचा परिणाम सात ते दहा वर्षे टिकतो, वजनात मोठे चढउतार झाल्यास त्याहून कमी. भारतात केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा देत नाही आणि इतर उपचारांना असलेली जीएसटीची सूटही तिला नाही. शल्यचिकित्सकाकडे एम.एस.नंतरची एम.सीएच. किंवा तत्सम प्लास्टिक सर्जरीची पदवी असावी. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी म्हणजे पदवी नव्हे. वैद्यक परिषदेतील नोंदणी तपासता येते. पैसे भरण्यापूर्वी विचारायचा प्रश्न मात्र वेगळाच : रात्री दोन वाजता गाल फुगला तर शस्त्रक्रियागृह कोण उघडणार.